एक चमचा

मागच्या अंकात माझी आईवरची कविता आली होती. तीन-चार जणांनी जयभीम घालून सांगितलं, चांगली झालीय. त्या कवितेत मी आईच्या दुधाला नदी म्हटलं होतं. संपादक मित्र म्हणाले, पुढच्या अंकाला अजून एक दे. मी म्हणालो, या वेळी कविता नाही. या वेळी हिशेब देतो. नदीचा नाही, चमच्याचा.

मी सूतगिरणीत रिंग फ्रेम खात्यात आहे. दहावी नापास. पुढचं सगळं वाचनालयात आणि रातपाळीच्या मधल्या सुट्टीत शिकलो. आमच्या धंद्यात मोजल्याशिवाय काही नाही. ४० नंबर सूत म्हणजे एका पौंडात ८४० वाराच्या ४० लडी. साच्यावरचं सूत १२० वार काढून काट्यावर ठेवतात, तेव्हा कळतं नंबर बरोबर आहे का. मागून रोविंग पातळ आलं की पुढं तार तुटणार, हे साच्यावरच्या पोराला पहिल्या आठवड्यात कळतं. मलाही कळत होतं. तरी मी जे केलं ते केलं. तेच सांगायला बसलोय.

पोरगी झाली ती एका सरकारी दवाखान्यात. दवाखान्याचं नाव घेत नाही. नाव घेऊन तिथल्या भिंती बदलत नाहीत. वजन २ किलो ३०० ग्रॅम. कार्डावर लिहिलं आणि त्याच्याखाली लाल रेघ मारली. अडीच किलोच्या खाली आलं की बाळ कमी वजनाचं धरतात, हे मला नंतर कळलं. त्या वेळी लाल रेघ का, म्हणून विचारलं तर उत्तर आलं, "बायकोला नीट खायला घाला." जसं काय मी पेढे लपवून ठेवले होते.

बायको इचलकरंजीला एका शेडात कांड्या भरते. आठव्या महिन्यापर्यंत भरत होती. उभं राहून. तिला माहेर असून नसल्यासारखं, आई लहानपणीच गेलेली. म्हणून बाळंतपण आमच्याकडं. माझी आई सोबतीला होती.

पहिल्या दिवशी बायकोनं लेकराला पदराखाली घेतलं. आईनं हात धरला.

"थांब. आधी ते पिवळं काढून टाक. चीक हाय तो. बाळाला बाधतो."

आणि आईनं फडक्यात पिळून टाकला. थेंब थेंब. चिकट, पिवळा. गाईचा चीक आम्ही खर्वस करून चाटून खातो, आणि आईचा चीक फडक्यात. आई वाईट नाही. तिला तिच्या सासूनं हेच सांगितलं होतं. तिची सासू, माझी आजी, मांगवाड्यातली सुईण. साऱ्या गावाची पोरं तिच्या हातावर झाली. पाटलाच्या घरातली नाळसुद्धा तिनंच कापायची. नाळ कापून झाली, बाळाला पुसून झालं की तिनं बाहेर व्हायचं, आणि आत पाणी शिंपडून घर शुद्ध करायचे. बाळ आईच्या अंगावर कधी घेतात, पहिलं दूध कुणी कधी पाजतं, हे बघायला तिला आत थांबूच दिलं नाही. मग तिला तरी कुठून कळणार? तिला जेवढं बघायला मिळालं तेवढंच तिनं सुनेला दिलं.

दुसरा दिवस. पोरगी रडते, मग झोपते, मग परत रडते. बायको रडवेली. म्हणते, "मला न्हाईच की हो दूध." मी फोन काढला. शोधलं, तान्ह्या बाळाला किती दूध लागतं. जे सापडलं ते इंग्रजीत, औंसात. दोन औंस, असं एका ठिकाणी होतं. एक औंस म्हणजे ३० मिलिलिटर. म्हणजे ६० मिलिलिटर. मी कांदा-पोह्याच्या वाटीकडं बघितलं, अंदाज घेतला, आणि बायकोच्या फडक्यावरच्या पिवळ्या डागाकडं बघितलं. छातीत धस्स झालं. ६० मिलिलिटर कुठं आणि हे चार थेंब कुठं! तो आकडा मोठ्या बाळाचा होता हे मी वाचलंच नाही. आकडा दिसला की आम्हा गिरणीवाल्यांचा विश्वास बसतो.

शेजारच्या खाटेवर एक बाई होती. दुसरं बाळंतपण. दूध उतू चाललेलं, लुगडं भिजलेलं. तिनं आमच्या पोरीचं रडणं दिवसभर ऐकलं. संध्याकाळी आपणहून म्हणाली, "दे गं इकडं, माझं वायाच चाललंय. दोन घोट पाजते."

बायकोनं लेकरू उचललं. तेवढ्यात त्या बाईची सासू खाटेवरून उतरली. माझ्याकडं बघून विचारलं, "कुठलं म्हनायचं तुम्ही?"

मी गाव सांगितलं.

"ते न्हवं. आडनाव."

मी आडनाव सांगितलं. खोटं सांगता आलं असतं. जीभ एकदा वळलीसुद्धा. पण सांगितलं खरंच. सासू काही बोलली नाही. सुनेच्या छातीवरचा पदर तिनं नीट केला, खोचला, आणि सुनेचं तोंड भिंतीकडं करून तिला निजवलं. आरडाओरडा नाही, शिवी नाही. वॉर्डात कुणाला कळलंसुद्धा नाही. बायकोच्या हातात लेकरू तसंच राहिलं, अर्धं पुढं केलेलं.

आता मला माहीत आहे, डॉक्टर सांगतात, दुसऱ्या बाईचं दूध तपासल्याशिवाय पाजू नये, दुधातून काही आजार बाळाला जातात. बरोबर आहे. पण त्या सासूनं आजार विचारला नव्हता. आडनाव विचारलं होतं.

मी तडक खाली उतरलो. वॉर्डातली बाई आधीच म्हणाली होती, "येत नसेल तर पावडर आणा, मला वेळ नाही." दुकानात गेलो. पावडरीचा डबा घेतला, काचेची बाटली घेतली. दीड हजेरी गेली. डब्यावर मोठ्या अक्षरात छापलं होतं की आईचं दूध हेच बाळाला सगळ्यात चांगलं. बाळाचं चित्र नव्हतं. का नाही, तर १९९२ साली कायदा झाला. पावडरीच्या डब्यावर बाळाचं किंवा आईचं गोंडस चित्र छापायचं नाही, जाहिरात करायची नाही, दवाखान्यातल्या लोकांमार्फत खपवायचं नाही. कायदा चांगला आहे. पण दुकानदाराच्या फळीवर डबा पुढंच होता, आणि मला वॉर्डातूनच पाठवलं होतं.

डब्यात एक छोटा चमचा असतो. एक सपाट चमचा पावडर, ३० मिलिलिटर उकळून निवलेलं पाणी. तसं मागं लिहिलेलं. मला ६० मिलिलिटर करायचं होतं. म्हणजे दोन चमचे. मी हिशेब केला. दिवसाचे आठ वेळा दोन-दोन चमचे धरले तर डबा किती दिवस जाईल. पगाराला किती दिवस आहेत. आकडा जुळेना.

मी एक चमचा टाकला. पाणी ६० मिलिलिटरच.

हे वाक्य लिहायला मला तीन रात्री लागल्या. बायकोला सांगितलं नाही, आईला सांगितलं नाही. बाटलीत पांढरं दिसत होतं. पोरगी प्यायची आणि झोपायची. पोट भरलेलं दिसायचं. पाण्यानंही पोट भरतं. आमच्या घरात हे कुणाला नवीन आहे?

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी सोडलं. चौथ्या दिवशी बायकोला दूध आलं. छाती दगडासारखी झाली, अंगात कणकण. पण लेकराला आता बाटलीची सवय. बाटलीत आपोआप गळतं, अंगावर ओढावं लागतं. ते तोंड फिरवायचं. बायको वेदनेनं मोरीत जाऊन पिळून टाकायची. म्हणजे बघा. मोरीतनं दूध वाहतंय, आणि मी बाजूच्या खोलीत पाण्यात अर्धी पावडर कालवतोय. एका घरात, एका वेळी. हे मी कुठल्या कवितेत लिहिलं असतं तर तुम्हीच म्हणाला असता, उगाच ओढूनताणून लिहिलंय.

सातव्या दिवशी आशाताई आल्या. दवाखान्यात झालेल्या बाळाकडं आशानं सहा वेळा यायचं असतं. तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. तिसऱ्या दिवशी आम्ही दवाखान्यातच होतो. आशाताई आमच्याच वस्तीतल्या. पिशवीतनं काटा काढला, झोळीत लेकरू ठेवलं.

२ किलो २० ग्रॅम.

मी काट्याचाच माणूस. मला वाटलं काटा खोटा. परत ठेवायला लावलं. परत तेच. २८० ग्रॅम कमी. ताईंनी सांगितलं, जन्मल्यावर पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतंच, शंभरातलं सात-आठ, फार तर दहापर्यंत. दोन आठवड्यांत भरून येतं. आमचं शंभरातलं बारा उतरलं होतं.

"लघवी किती वेळा करते?"

"तीन-चारदा."

"पाचव्या दिवसानंतर सहा वेळा तरी पाहिजे. त्याच्याखाली म्हणजे पोटात कमी चाललंय. काय पाजता?"

मी बाटली दाखवली. ताईंनी ती उजेडात धरली, हलवली. माझ्याकडं बघितलं. बायको बघत होती, आई बघत होती.

"दादा, चमचे किती घालता?"

मी सांगितलं.

कुणी काही बोललं नाही. आई खाली बसली. बायकोनं लेकरू माझ्या मांडीवरनं उचलून आपल्याकडं घेतलं. बास, एवढंच. पण त्या सासूनं पदर खोचला तेव्हा जे झालं नव्हतं ते मला तेव्हा झालं. तिच्यावर मला राग धरता येत होता. स्वतःवर कुठल्या आडनावानं धरू?

ताईंनी त्याच तासाला रिक्षा बोलवली. दुसऱ्या एका दवाखान्यात नेलं. दोन दिवस ठेवून घेतलं. तिथल्या सिस्टरनं बायकोला खुर्चीवर बसवलं, हात धुवायला लावले, छाती कशी दाबायची ते दाखवलं. निपल दाबायचं नाही, त्याच्या मागचा काळा भाग जिथं संपतो तिथं बोटं ठेवून. उकळलेल्या वाटीत दूध काढलं. चमच्यानं पाजलं. बाटली काढून घेतली. लेकराला उघडं करून बायकोच्या उघड्या छातीवर ठेवलं आणि वरनं कापड बांधलं. कमी वजनाच्या बाळाला आईच्या अंगाची ऊब लागते, त्यानं वजन धरतं, दूधही सुटतं. आणि पाळण्याला कागद चिकटवला. त्यावर लिहिलेलं, दर २ तासांनी २५ मिलिलिटर.

मी सिस्टरला विचारलं, हा आकडा कुठनं आला? ती हसली नाही, चिडली नाही. सांगितलं. आठवडा झालेल्या बाळाला एका किलोला दिवसाचं साधारण १५० मिलिलिटर. बाळ दोन किलो, म्हणजे ३००. दिवसातनं बारा वेळा, म्हणजे २५. हे काढून पाजायचं असेल तेव्हाचं गणित. अंगावर पिताना मोजायचं नाही. दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा घ्यायचं, आणि लघवी आणि वजन बघायचं.

मी विचारलं, "आणि पहिल्या दिवशी? पहिल्या दिवशी किती लागतं?"

"पहिल्या दिवशी बाळाचं पोट केवढं असतं माहीत आहे का? लिंबाएवढंसुद्धा नाही. एका वेळेला पाच ते सात मिलिलिटर. तिसऱ्या दिवशी वीस-पंचवीस. आठवड्यानं पन्नासच्या आसपास."

पाच मिलिलिटर म्हणजे घरातला चहाचा एक चमचा.

एक चमचा! माझ्या पोरीला पहिल्या दिवशी एका वेळेला एक चमचा दूध पाहिजे होतं. तेवढं बायकोकडं होतं. ते फडक्यात होतं. पिवळं, घट्ट, आजाराशी लढायची ताकद असलेलं, एका बाळाला पुरेल तेवढं. जन्मल्यापासून तासाभरात पाजायचं असतं ते. दूध उतरायला दुसरा-तिसरा-चौथा दिवस लागतो, तोवर चीकच पुरतो. जेवढं लेकरू ओढेल तेवढं दूध वाढतं, रात्रीचं ओढलं तर जास्तच. आम्ही ओढूच दिलं नाही. हे एवढं एक वाक्य पहिल्या वॉर्डात कुणी बोललं असतं, "एक चमचा पुरतो, घाबरू नका," तर मी त्या सासूपुढं आडनाव सांगत उभा राहिलो नसतो, दुकानाची पायरी चढलो नसतो, आणि डब्यातल्या चमच्याशी बेइमानी केली नसती.

पण नुसतं दुसऱ्यावर ढकलून चालणार नाही. पावडर पातळ मी केली. डब्यावर लिहिलेलं मला वाचता येत होतं. ज्याला वाचता येत नाही त्याचं ठीक. रोविंग पातळ आलं म्हणून मी जॉबरशी भांडतो, आणि पोरीच्या दुधात पाणी वाढवताना माझा हात थांबला नाही. गरिबीनं केलं, हे खरं. मी केलं, हेही खरं. दोन्ही लिहून ठेवतो.

चौदाव्या दिवशी वजन २ किलो १७० झालं. एकविसाव्या दिवशी २ किलो ३४५. दिवसाला पंचवीस ग्रॅम. ताईंनी काटा माझ्यासमोर धरला. आईनं भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. मी म्हणालो, "आये, हे कशाला?" ती म्हणाली, "तू गप. तुला काय म्या दूध मोजून पाजलं व्हतं व्हय? ऊसात भांगलायला जायची. तुला बांधावर लुगड्याच्या झोळीत टाकायची. दोन सऱ्या झाल्या की येऊन पाजायची. मुकादम शिव्या द्यायचा." मग थोडं थांबून म्हणाली, "पण चीक म्या टाकला. तुझाबी टाकला व्हता."

आजा मुंबईला गिरणीत होता. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यातला तो एक. परत साच्यावर गेला नाही, गावाला आला. तो चाळीतल्या म्हाताऱ्या बायकांकडनं ऐकलेलं सांगायचा. जुन्या काळी गिरणीत जाणाऱ्या बायका तान्ह्या पोरांना बाळागोळी द्यायच्या. अफूची गोळी. पोर दिवसभर निपचित पडायचं, आई पाळी भरायची. १९२० च्या सुमाराच्या सरकारी अहवालांतही हे लिहिलेलं आहे. पुढं १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात गिरणीतल्या बायकांना बाळंतपणाचा भत्ता द्यायचं विधेयक आलं, तेव्हा बाबासाहेब त्याच्या बाजूनं बोलले. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे साऱ्या देशाच्या हिताचं आहे, हा त्यांचा मुद्दा. १९२९ साली कायदा झाला. १९६१ साली साऱ्या देशाचा झाला, त्यात बाळाला पाजायला दिवसातनं दोन जादा सुट्ट्या आल्या. २०१७ साली पगारी रजा १२ आठवड्यांची २६ आठवडे झाली.

माझी बायको पंचेचाळिसाव्या दिवशी कांड्या भरायला गेली. रजा घ्यायची तर हजेरीपटावर नाव लागतं. तिचं नाव कुठल्याच पटावर नाही. मालकाच्या वहीत ती किलोत असते. म्हणून आता आई दुपारी लेकरू घेऊन शेडाच्या दाराशी जाते. बायको पाच मिनिटं बाहेर येते, हात धुते, सुताचं कुसं झटकते आणि पाजते. सकाळी वाटीत काढून झाकून ठेवते, चार तासांच्या आत चमच्यानं संपवायचं. सहा महिने दुसरं काही नाही, वरचं पाणीही नाही. सगळं ताईंनी सांगितल्याप्रमाणं.

आणि एक गोष्ट सांगून थांबतो. मुंबईला शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आईच्या दुधाची बँक काढली. आशियातली पहिली. ज्या आईला जादा आहे ती देते. तिचं रक्त तपासतात. दूध ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवतात, मग गोठवून ठेवतात. ज्या बाळाला पाहिजे त्याला देतात. अनेक आयांचं दूध एकत्र होतं. त्या दुधाला मग आडनाव कुठलं? कुठल्या वाड्यातलं, कुठल्या गल्लीतलं, कसं सांगणार? मला हे वाचून फार बरं वाटलं. वाटलं, त्या सासूला एकदा तिथं नेऊन नुसतं उभं करावं. भांडायचं नाही. फक्त दाखवायचं. तिच्या सुनेलाही. ती आपणहून दे म्हणाली होती, ते मी विसरलेलो नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात, शेजारी, वस्तीत कुणी बाळंत झाली की कवितेतल्या नद्या बाजूला ठेवा. जाऊन सांगा. चीक टाकू नका. पहिल्या दिवशी एक चमचा पुरतो. रात्रीचं उठवून पाजा. पाचव्या दिवसानंतर सहा लघव्या मोजा. आणि डबा आणायची वेळ आलीच, तर डब्यावर जेवढे चमचे लिहिलेत तेवढेच घाला, एकही कमी नको. परवडत नसेल तर माझ्याकडं या. माझ्याकडंही पैसे नाहीत, पण आपण दोघं मिळून कुणाकडं तरी जाऊ. पातळ करू नका.

पोरगी आता हसते. डबा अर्धा उरलाय. माळ्यावर ठेवलाय. टाकवत नाही.